एका पत्रासाठी एक अ‍ॅप

पत्र आलं त्या दिवशी अधीक्षकांनी एकच चूक केली. ते त्यांनी लेकीसमोर उघडलं.

निळ्या शाईची चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. होणाऱ्या व्याह्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या भाषेत आणि स्वतःच्या लिपीत लिहिलेली. आता यात व्याह्यांचा काडीचाही दोष नाही. पहिल्याच भेटीत अधीक्षकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "काय लिहायचं ते खुशाल तुमच्या भाषेत लिहा. तुमच्याकडे तीन वर्षं नोकरी केलीय मी. सगळं वाचतो." नोकरी केली होती हे खरं. त्या तीन वर्षांत 'चहा सांगा', 'साहेब बाहेर गेलेत' आणि 'उद्या या' ही तीन वाक्यं ते अगदी अस्खलित बोलायला शिकले होते, आणि सरकारी कचेरीत तेवढ्यावर माणसाचं आरामात भागतं. वाचायची वेळ कधी आलीच नव्हती.

व्याही होते निवृत्त पोस्टमन. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं दारोदार वाटलेला माणूस. लग्नासारखी गोष्ट फोनवर 'हॅलो, आवाज येतोय का' करत ठरवायची हे त्यांना पटत नव्हतं. मी पत्र लिहीन, मुलीच्या वडिलांनी पत्रानं उत्तर द्यावं, मग तारीख ठरवू, असं त्यांचं म्हणणं. पत्रात काय लिहिलंय ते त्यांनी पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं. ज्याचं पत्र त्यानंच वाचायचं, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा नेम.

"काय म्हणतात, बाबा?" लेकीनं विचारलं. बिचारीचा जीव टांगणीला लागला होता.

अधीक्षकांनी चष्मा वर सरकवला, मग खाली सरकवला. पान उलटलं. दोनदा मान डोलावली. "मोठ्या मनाचा माणूस आहे," ते म्हणाले.

"आणि?"

"आणि... सविस्तर लिहिलंय."

"मग तुम्ही उत्तर कधी देताय?"

"मसुदा करतो."

लेक आनंदानं उड्या मारत फोन करायला गेली. बायको इतका वेळ दारात टॉवेलला हात पुसत उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "अहो, पान उलटं धरलं होतंत. वरची तारीख खाली गेली होती."

"माझ्या लक्षात आलं होतं."

"सांगून टाका ना मग, वाचता येत नाही म्हणून. लहान का आहे ती?"

"एकतीस वर्षं अधीक्षक होतो मी!"

"त्याचा इथे काय संबंध?"

संबंध काय, हे बायकांना कळत नाही असं अधीक्षकांचं मत होतं. खरं तर त्यांनाही नीटसं कळलं नव्हतं, पण एकदा 'वाचलं' म्हटल्यावर 'नाही वाचलं' म्हणायचं म्हणजे स्वतःचंच नाक कापून लेकीच्या हातात द्यायचं. आणि दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत बभ्रा. राहता राहिला फोन. त्याचा कॅमेरा म्हणे कुठलाही मजकूर वाचून अर्थ सांगतो. त्यानं पहिल्या ओळीचा अर्थ सांगितला: 'आदरणीय पाणबुडी'. दुसऱ्या ओळीवर बराच विचार करून तो म्हणाला, की हे छायाचित्र बहुधा एखाद्या कुत्र्याचं असावं. हातानं लिहिलेल्या अक्षरापुढे फोननं असे हात टेकले.

मग भाषा शिकवणारं एक तयार अ‍ॅप उतरवून घेतलं. त्यात एक खार होती. बटण दाबलं की ती टाळ्या वाजवायची. तिनं पहिल्या आठवड्यात 'माझ्या काकूचं वासरू निळं आहे' हे वाक्य बोलायला शिकवलं. वाचायचं नावच नाही. दोन दिवस अधीक्षक तिकडे फिरकले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी तीच खार डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, 'तुम्ही मला विसरलात!' एकतीस वर्षांत कुठल्या कारकुनाची त्यांच्यासमोर रडायची हिंमत झाली नव्हती. त्यांनी त्या खारीला तिथल्या तिथे काढून टाकलं आणि जाहीर केलं, "असली थेरं नकोत. आपण स्वतःच अ‍ॅप करू."

आता तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? बाबा रे, अक्षरं ती किती, पन्नास-पंचावन्न. एक तक्ता आण, रोज तीन गिरव, महिन्याभरात रडतखडत का होईना पत्र वाचशील. पण तुम्ही-आम्ही अधीक्षक नाही. शिकणं वेगळं आणि शिकण्याची व्यवस्था उभी करणं वेगळं. अधीक्षकांचा सगळा जन्म सरकारी कचेरीच्या नमुने विभागात गेला होता. नमुने म्हणजे छापील अर्ज. जनतेनं कशासाठीही रांगेत उभं राहून जो कागद भरायचा, तो यांच्या टेबलावर जन्माला यायचा. 'आपण हयात आहात काय? नसल्यास कारण नमूद करावे' हा प्रश्न पेन्शनीच्या अर्जात त्यांनीच घातला होता आणि तो अकरा वर्षं चालला.

तिसऱ्या मजल्यावर एक प्रोग्रॅमर मुलगी घरूनच काम करायची. अधीक्षक इमारतीच्या समितीचे सचिव. गाडीसाठी सावलीतली जागा तिला हवी होती आणि ती जागा देणं यांच्या सहीवर होतं. व्यवहार पाच मिनिटांत ठरला.

"काका, उघडल्या उघडल्या पहिल्या स्क्रीनवर काय दाखवायचं?" तिनं लॅपटॉप उघडून विचारलं.

"अर्ज."

"अक्षर नको?"

"अर्ज केल्याशिवाय अक्षर? मग कुणीही उठेल आणि शिकेल की!"

"काका, आपल्याला तेच हवंय ना?"

अधीक्षकांनी तिच्याकडे मायेनं पाहिलं. नवीन माणूस आहे, शिकेल हळूहळू, अशा नजरेनं.

अर्ज सव्वीस रकान्यांचा झाला. अर्जदाराचे संपूर्ण नाव, वडिलांचे संपूर्ण नाव, रक्तगट, दोन्ही कान दिसतील असा फोटो, ओळख देणाऱ्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींची नावं. यापूर्वी एखादी भाषा अर्धवट सोडली आहे काय? असल्यास कोणाच्या परवानगीने? एक रकाना चुकला की पुन्हा पहिल्यापासून. सव्वीसही बरोबर भरले तर 'आपला अर्ज विचाराधीन आहे' असा संदेश.

"विचार कोण करणार?" मुलीनं विचारलं.

"ते पुढच्या टप्प्यात बघू."

असल्या गोष्टी इमारतीत लपून राहत नाहीत. दुसऱ्या मजल्यावर एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका राहत. त्यांना सगळे हेडबाई म्हणत आणि सगळे म्हणजे त्यांचे यजमानसुद्धा. त्या जिना चढून आल्या. अ‍ॅप खरोखर कशासाठी चाललंय हे कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. 'लोककल्याणासाठी' असं अधीक्षकांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"तुमच्या त्या फोनमध्ये धाक कुठाय?" हेडबाई म्हणाल्या. "खारी-बिरींनी टाळ्या वाजवून कुणी शिकतं का? लक्ष नसलं की ओरडायला पाहिजे!" आणि ओरडायचं काम त्यांनी दुसऱ्यावर सोपवलं नाही. स्वतःच्या आवाजात चौदा वाक्यं भरून दिली. ती घेऊन अधीक्षक बँकेत गेले. रांगेत उभ्या उभ्या जरा चाचणी करावी म्हणून त्यांनी अ‍ॅप उघडलं आणि पलीकडच्या खिडकीकडे बघत राहिले. त्याबरोबर हातातल्या फोनमधून आवाज आला, "मान वर कर! कुठे लक्ष आहे तुझं?" रांगेतली सात माणसं सरळ झाली. खिडकीतला कॅशियर तर उठूनच उभा राहिला. त्यात अधीक्षकांना आवाज बंद करायचं बटण सापडेना. "हात पुढे कर!" म्हणून फोन पुन्हा गरजला, तेव्हा रखवालदारानं त्यांना दंडाला धरून बाहेर आणून सोडलं. ज्या माणसानं त्या बँकेचा पैसे भरायचा कागद स्वतः आखला होता, त्याला!

कोपऱ्यावरचे औषधवाले वेगळ्याच बाजूनं आले. "अहो, डॉक्टरांचं अक्षर वाचतो मी. माझ्यापुढे कसली लिपी घेऊन बसलात?" अधीक्षकांच्या मनात आशा पालवली. पत्राचं एक पान नुसतं एवढंसं दिसेल असं दुमडून, कुणाचं काय ते न सांगता, त्यांनी काउंटरवर सरकवलं. औषधवाल्यांनी ते उजेडात धरलं, डोळे बारीक केले आणि ठामपणे म्हणाले, "दिवसातून दोनदा, जेवणानंतर." मग जाता जाता सल्लाही दिला, की अक्षरंसुद्धा डोसानंच द्यावीत; सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक, आणि एखादं चुकलं तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. हे अधीक्षकांना फार पटलं. अ‍ॅपमध्ये सूचनांचं एक पान वाढलं.

असं एकेक पान वाढत गेलं. तक्रार नोंदवही झाली. सुधारित तक्रार नोंदवही झाली. उत्तीर्ण होणाऱ्याला द्यायचं प्रमाणपत्र झालं, त्यावर खाली अधीक्षकांची सही. सही अकरा वेळा करून पाहिली, तेव्हा कुठे एक त्यांच्या मनासारखी उतरली. यात दोन महिने गेले.

"बाबा, उत्तर पाठवलंत?" लेकीनं जेवताना विचारलं.

"घाईघाईत काहीतरी लिहिणं बरं दिसतं का? मान ठेवायचा असतो समोरच्याचा."

"तिकडे ते रोज टपालाच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभे राहतात म्हणे."

अधीक्षकांच्या घशात घास अडकला. बायकोनं त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांना ते पाणीही कडू लागलं.

मग अ‍ॅप दुकानात मांडायची वेळ आली. दुकान म्हणजे फोनमधलंच, जिथून लोक अ‍ॅप उतरवून घेतात. तिथे मांडायला परवानगी लागते आणि परवानगीला अर्ज लागतो हे ऐकून अधीक्षक खूश झाले. आपल्यासारखं विचार करणारं जगात कुणीतरी आहे! त्यांनी तो अर्ज मन लावून भरला. सहा दिवसांनी उत्तर आलं: 'आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. कलम ५.१ पाहावे.' कलम ५.१ पाहिलं तर त्यात कलम २.३ पाहावे असं होतं. त्या मुलीनं शोधून सांगितलं, की वाचायला शिकणाऱ्या माणसाचा रक्तगट तुम्हाला कशाला हवा, असं त्यांचं म्हणणं आहे.

अधीक्षकांनी तीन पानी खुलासा पाठवला. सहा दिवसांनी तेच वाक्य परत आलं. त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. तेच वाक्य. त्यांनी लिहिलं, की कृपया एखाद्या जबाबदार माणसाशी बोलणं करून द्यावं. उत्तर तेच, फक्त खाली एक ओळ जास्त: 'आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.'

"हे काय उत्तर झालं?" अधीक्षक घरभर थैमान घालत होते. "माणसानं इतकं जीव तोडून लिहायचं आणि तुम्ही तेच तेच वाक्य तोंडावर फेकायचं? वाचतं तरी का कुणी तिथे? कोण बसलंय कोण त्या खुर्चीत?"

"असेल तुमच्यासारखंच कुणीतरी," बायको म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

तिसरा महिना संपला. लेकीनं विचारणं बंद केलं. आधी ती रोज विचारायची तेव्हा अधीक्षकांना वैताग यायचा. आता ती समोर बसून मुकाट्यानं जेवायची आणि ताट उचलून निघून जायची, तेव्हा त्यांना तो वैतागच बरा वाटायचा. एकदा तिला फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं. "मला काय माहीत रे? नसेल मान्य त्यांना. स्पष्ट बोलतही नाहीत." पोरीचं लग्न आपल्या खोटेपणापायी मोडतंय, हे त्यांना स्वच्छ दिसलं. आत जावं आणि सांगून टाकावं, असंही वाटलं. दोन पावलं गेलेसुद्धा. आणि मग काय केलं? मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन त्या मुलीला म्हणाले, "काम जोरात घ्या. रविवारी प्रात्यक्षिक."

"काका, पण अक्षरं?"

"कसली अक्षरं?"

"अहो, शिकवायची! अर्ज आहे, नोंदवह्या आहेत, प्रमाणपत्र आहे. अक्षरं कुठायत? ती तुम्ही देणार होतात ना? तुम्हाला येते ना ती भाषा?"

अधीक्षकांनी जिन्याचा कठडा बोटानं पुसला. "सध्या पाच घाला," ते म्हणाले. "तुम्हाला मिळतील ती."

रविवारी सकाळी दहा वाजता बैठकीच्या खोलीत हेडबाई, औषधवाले आणि ती मुलगी अशी मंडळी जमली. फोन उशीवर ठेवला होता. अधीक्षकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि घसा खाकरून प्रास्ताविकाला सुरुवात केली होती. एवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात लेक, तिच्यामागे होणारा जावई, आणि त्याच्यामागे चपला काढून नीट एका रेषेत ठेवणारे व्याही.

"मीच बोलावलं," लेक म्हणाली. तिची मान ताठ होती. "पत्र नाही तर नाही. जे काय असेल ते समोरासमोर सांगा यांना."

व्याही सगळ्यांना नमस्कार करून खुर्चीच्या कडेवर बसले. अधीक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण हेडबाईंचा उत्साह दांडगा. "अरे वा, ही तर यांच्याच भाषेची योजना! घरबसल्या परीक्षक मिळाला!" म्हणत त्यांनी फोन उचलला आणि व्याह्यांच्या हातात दिला.

समोर अर्थातच अर्ज. आपल्या भाषेतला, आपल्या लिपीतला. या परक्या माणसाला तो काय कळणार, म्हणून अधीक्षक फोन परत घ्यायला पुढे झाले. व्याह्यांनी हातानंच थांबवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

"अ... र्ज... दा... रा... चे," ते म्हणाले. "अर्जदाराचे. सं... पू... र्ण. संपूर्ण. ना... व."

तेवढ्यात फोन गरजला, "मान वर कर!" आणि व्याही चटकन उठून उभे राहिले.

त्यांना बसवून, फोन एकदाचा बंद करून, लेकीनं विचारलं, "तुम्हाला आमचं वाचता येतं?"

"चार महिना शिकतो," व्याही अधीक्षकांच्या भाषेत अडखळत म्हणाले. "शेजारी छोटी मुलगी आहे. तिचं पहिलीचं पुस्तक." एवढ्यावर त्यांचे शब्द संपले. मग ते स्वतःच्या भाषेत मुलाशी बोलू लागले. ऐकता ऐकता मुलाचा चेहरा बदलत गेला.

"बाबा म्हणतायत," तो अवघडून म्हणाला, "की पत्रात लिहिलंच होतं त्यांनी. मुलगी पसंत आहे, अट काही नाही. फक्त उत्तर तुमच्या भाषेत लिहा. दोन-तीन ओळी, सोप्या. ते तुमची लिपी शिकायला लागलेत, तर पहिलं पत्र त्यांना तुमचं वाचायचं होतं. जन्मभर लोकांची पत्रं वाटली, त्यांना स्वतःला कधी कुणी लिहिलं नाही. म्हणून रोज फाटकाशी थांबायचे."

लेकीनं वळून बापाकडे पाहिलं. "हे पत्रात होतं?"

अधीक्षकांनी चष्मा वर सरकवला, मग खाली सरकवला.

"बाबा, तुम्ही वाचलं होतं ना?"

बायको आतून आली. तिनं एक कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं, आणि बाजूला उभी राहिली.

अधीक्षकांनी पेन उचललं. हातानं सवयीनं लिहिलं, 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की'. व्याह्यांनी उत्सुकतेनं कागद ओढून घेतला, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि तिथेच त्यांचं घोडं अडलं. कपाळावर घाम आला बिचाऱ्यांच्या. हेडबाईंनी खांद्यावरून डोकावून बघितलं. "हे मलाही वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "पहिलीचं लिहा, पहिलीचं!"

अधीक्षकांनी कागद पालथा केला. कान तापले होते. एकतीस वर्षांत लोकांकडून त्यांनी इतकं काही लिहून घेतलं होतं, पण स्वतःबद्दल एक खरी ओळ कधी लिहिली नव्हती. शेवटी लेकीकडे न बघता त्यांनी मोठ्या, सुट्या अक्षरांत तीन ओळी लिहिल्या आणि कागद व्याह्यांकडे सरकवला.

व्याह्यांनी खुर्ची पुढे घेतली. बोट ठेवलं.

"म... ला. मला. तु... म... चं. तुमचं. प... त्र... वा... च... ता... आ... लं... ना... ही."

औषधवाल्यांनी छताकडे बघायला सुरुवात केली. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं तोंडावर हात धरला. अधीक्षकांना वाटलं, एका दमात वाचून मोकळा हो रे बाबा. पण व्याही एकेक अक्षर असं पारखून घेत होते, जणू ते नोंदणीकृत टपाल आहे.

"मी. खो... खो..."

"खोटं," हेडबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "'ट'वर टिंब आहे. म्हणा, खोटं!"

"खोटं."

"पूर्ण ओळ म्हणा. मी खोटं बोललो. मोठ्यानं, मागे ऐकू जाऊ दे!"

"मी खोटं बोललो!" व्याही दणदणीत आवाजात म्हणाले. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली.

"शाबास! पुढे."

"ल... ग्न. लग्न. मा... न्य... आ... हे." बोट थांबलं. "लग्न मान्य आहे."

लेक हुंदका देऊन हसली, की हसता हसता रडली, ते तिचं तिलाच ठाऊक. ती बापाजवळ आली आणि त्यांच्या खांद्यावर एक चांगली सणसणीत चापट मारून तिथेच डोकं टेकून बसली. अधीक्षकांनी डोळे मिटून घेतले. संपलं एकदाचं.

पण व्याही उठले नव्हते. आयुष्यात प्रथमच आपल्या नावानं आलेलं अख्खं पत्र त्यांनी स्वतः वाचून काढलं होतं, आणि त्यांचा चेहरा नुसता फुलून गेला होता. त्यांनी कागद जरा दूर धरला, मुलाला, हेडबाईंना, दारात येऊन थांबलेल्या शेजाऱ्यांना हातानंच 'ऐका' म्हणून खुणावलं, आणि म्हणाले, "परत वाचतो. आता पटापट."

आणि त्यांनी पहिल्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं.